साडूचा दगड

त्या दगडाशी पहिला संबंध कमळाकर तांबड्यांचा आला, याबद्दल पुढे कोणी काहीही म्हणो, त्यांच्या स्वतःच्या मनात कधीच शंका नव्हती. ते त्या दगडावर बसले होते. बसले आणि लगेच उठले, कारण दगड टोचला. माणूस ज्या वस्तूवर बसून उठतो तिच्यावर त्याचा हक्क पोहोचतो की नाही, हा प्रश्न वकिलांचा आहे; पण कमळाकररावांच्या मते पोहोचत होता.

प्रसंग सहलीचा होता. बदलापूर गाव ओलांडून बारवीच्या रस्त्याला लागलं की सुदाम भोईरचं कृषी पर्यटन केंद्र लागतं. त्यातली कृषी म्हणजे बांधावरची वांगी आणि पर्यटन म्हणजे दोन झोपाळे, एक रागीट बदक आणि पंप चालू केला की वाहणारा झरा. मार्चमधल्या एका रविवारी तिथे दोन साडू सहकुटुंब गेले. दोघांचीही मुलं आता आईबापांबरोबर सहलीला येण्याच्या वयाची राहिली नव्हती, त्यामुळे सहकुटुंब म्हणजे दोन बहिणी. थोरली कुंदा कमळाकररावांची बायको, धाकटी निशा हेमचंद्र रेवाळ्यांची.

हेमचंद्ररावांचं उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये पडद्याच्या कापडाचं दुकान. माणूस अतिशय चांगला, आणि कमळाकररावांची खरी अडचण तीच होती. वाईट माणसाचा राग करता येतो. हेमचंद्ररावांनी हात वर करायच्या आधी रिक्षा थांबत असे. सोलकढी संपत आली की नेमका शेवटचा भरलेला ग्लास त्यांच्यापुढे येत असे. सासूबाई कमळाकररावांना 'बसा' म्हणत आणि हेमचंद्ररावांना 'आलात का' म्हणत, आणि या दोन शब्दांत किती अंतर आहे ते जावयालाच कळतं. कमळाकरराव अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होते. लोकांनी घडवलेले तुकडे मोजून नापास करणं हा त्यांचा रोजचा उद्योग. त्यामुळे आपण साडूचा मत्सर करतो असं त्यांना कधी वाटलं नाही. आपण फक्त बारकाईने बघतो, अशी त्यांची समजूत होती.

तर दगड टोचला म्हणून कमळाकररावांनी तो उचलून बाजूला ठेवला. तेवढ्यात वारा सुटला आणि कुंदा म्हणाली, "अहो, प्लेटा उडतायत. काहीतरी ठेवा ना वर." त्यांनी तोच दगड कागदी प्लेटांवर ठेवला आणि भरीत-भाकरीची वाट बघत बसले. इतिहास त्यांच्या हातून घडून गेला होता, पण त्यांचं लक्ष चुलीकडे होतं.

जेवणं झाली. प्लेटा गोळा करायला हेमचंद्रराव उठले. (त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हेही त्यांचं नेहमीचंच.) हात धुता धुता त्यांनी झऱ्याखाली तो दगडही धुतला आणि तसेच उभे राहिले.

"निशा, इकडे ये. हे बघ. फूल आहे यावर."

दगड पावाएवढा होता, वरून फुगीर, खालून चपटा. फुगीर भागावर पाच पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीच्या कडेने सुईने टोचल्यासारखे ठिपके, ओळीने. कुठल्या सोनाराला जमणार नाही असं काम.

"हा जीवाश्म आहे," हेमचंद्रराव म्हणाले. "फॉसिल. मी टीव्हीवर बघितलंय."

"तो मी ठेवला होता," कमळाकरराव म्हणाले.

"काय?"

"प्लेटांवर. तो दगड. मी ठेवला होता."

"हो का? मग हाताला यश आहे तुमच्या, कमळाकरराव," हेमचंद्रराव मनापासून म्हणाले आणि त्यांनी दगडाबरोबर स्वतःचा फोटो काढून घेतला. फोटो कमळाकररावांनीच काढला. त्यांच्याखेरीज सगळे फोटोत उभे होते.

घरी, बदलापुरातल्या खरवईला पोहोचेपर्यंत तो फोटो बायकांच्या माहेरच्या ग्रुपवर गेला होता. 'हेमचंद्ररावांना सापडला कोट्यवधी वर्षांचा ठेवा.' खाली टाळ्यांची रांग. सासूबाईंना टाळ्या टाकता येत नसत, तर त्यांनी आवाजी निरोप पाठवला, की मुळात जावयाची नजरच तशी आहे. कुठला जावई ते सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

"मी त्याच्यावर बसलो होतो," रात्रीच्या जेवणाला कमळाकरराव म्हणाले.

"बसणं वेगळं आणि ओळखणं वेगळं," कुंदा म्हणाली आणि तिने आमटी वाढली.

हे वाक्य त्यांना आमटीपेक्षा तिखट लागलं. पुढचा आठवडा त्यांनी विचारात घालवला आणि शनिवारी हेमचंद्ररावांच्या दुकानात जाऊन बसले. ओळख पटल्याशिवाय असं बोलत सुटणं बरं नाही, उद्या कोणी शहाणा भेटला तर फजिती व्हायची, तेव्हा दगड माझ्याकडे द्या, मी जाणकारांना दाखवतो, असं त्यांनी सांगितलं. मनात हिशोब सरळ होता. आजवर इतके तुकडे नापास केले, त्यात आणखी एक. तुकडेही नाराज होत नाहीत आणि आपणही झोपतो.

हेमचंद्ररावांनी दगड मखमली पडद्याच्या तुकड्यात गुंडाळून दिला. "तुमच्याइतकं बारीक कोण बघणार? तुमचाच अधिकार आहे तो." कमळाकररावांना वाटलं, हा माणूस एकदा तरी नाही म्हणाला असता तर किती बरं झालं असतं.

ओळख पटवण्याच्या कामाला सोसायटीपासून सुरुवात झाली. तशी त्यांची इच्छा नव्हती, पण लिफ्टमध्ये सेक्रेटरी साईनाथ भेटले आणि मखमलीत काय आहे ते त्यांनी बघितल्याशिवाय दुसरा मजला येऊ दिला नाही.

"अंडं आहे," साईनाथ म्हणाले. "डायनासोरचं. गुजरातेत सापडतात, तसलं. घरात ठेवू नका. म्हणजे आता काय होणार नाय, पण ठेवू नका."

"अंड्यावर फूल कशाला येईल?"

"जात असेल तशी," साईनाथ म्हणाले. "लिंबू पिळून बघा. खरं असेल तर फेस येतो. माझा मेव्हणा केमिकलमध्ये आहे."

साईनाथांचं खोटं ठरवायचं म्हणून कमळाकररावांनी त्यांना घरी नेऊन लिंबू पिळलं. दगडाला फेस आला. बारीक फेस, पण फसफस ऐकू येण्याइतका. साईनाथ दोन पावलं मागे सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "जिवंत आहे." कमळाकररावांनी दगड नळाखाली धरला. साडूची वस्तू आपल्या हातून विरघळली तर सासरी काय तोंड दाखवायचं, या भीतीने त्यांनी तो पुसून खिडकीत वाळत ठेवला आणि आंघोळीला गेले.

आंघोळ करून आले तोवर खालच्या मजल्यावरच्या कौसाबाई वाटीभर साखर मागायला येऊन गेल्या होत्या. त्यांनी खिडकीत पाच पाकळ्या बघितल्या, हात जोडले आणि कुंकू वाहिलं. ओल्या दगडावर कुंकू. ते प्रत्येक ठिपक्यात जाऊन बसलं. कमळाकररावांनी दाताचा ब्रश घेतला आणि दुपारभर पाकळ्या घासल्या. ब्रश आपलाच होता, हे संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं. दगड गुलाबी झाला तो झालाच.

मग त्यांनी विचार केला की असे शेजारीपाजारी विचारत बसण्यात अर्थ नाही. सरकार कशासाठी आहे? एकदा सरकारी माणसाने 'हा साधा दगड आहे' असं म्हटलं की सासूबाईंचीही बोलती बंद. अर्धी रजा टाकून ते एका सरकारी कचेरीत गेले. पहिल्या, वाळू-खडीच्या टेबलावरच्या गृहस्थांनी दगड हातात घेऊन वजन बघितलं आणि विचारलं, "किती ब्रास आहे?"

"एकच आहे."

"मग आमच्याकडे नाही. ब्रासच्या खाली आम्ही बघत नाही. जुनी वस्तू आहे ना, पलीकडे विचारा."

पलीकडच्या बाईंनी चष्मा लावला. "माणसाने घडवलेली आहे का?"

"नाही. प्राणी आहे, म्हणतात."

"माणसाने घडवलेली असेल तरच जुनी धरतो आम्ही. प्राण्यांचं शेवटच्या खोलीत."

शेवटच्या खोलीत जनावरांच्या औषधांची खोकी रचली होती. तिथल्या साहेबांनी मात्र बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि आस्थेने विचारलं, "जनावर कधी गेलं?"

"कोटी वर्षांपूर्वी, असं ऐकतोय."

साहेबांनी चहाचा घोट घेतला. "मग विम्याचं काही जमणार नाही," ते म्हणाले. "लगेच यायला हवं होतं."

कमळाकरराव खालमानेने घरी आले. तोवर हेमचंद्ररावांच्या नावावर ग्रुपमध्ये आणखी टाळ्या जमा झाल्या होत्या, कारण कुंदाने उत्साहाने कळवलं होतं की आता सरकारी पातळीवर चौकशी चालू आहे. कमळाकररावांच्या ध्यानात हळूहळू एक भयंकर गोष्ट येत चालली होती. ते जितके पाय झिजवत होते तितका दगड मोठा होत होता, आणि दगडाबरोबर साडू.

शेवटी कंपनीतल्या एका सहकाऱ्याने डॉ. जिज्ञासा कारखानीस यांचं नाव सांगितलं. या बाई एका कॉलेजात भूशास्त्र शिकवत आणि उल्हासनगरलाच राहत. वेळ ठरवून कमळाकरराव गेले. कुंदाही बरोबर आली, कारण 'तुम्ही नीट ऐकून घेत नाही.'

बाईंनी दगड उजेडात फिरवला, भिंगातून बघितला आणि विचारलं, "हा गुलाबी का आहे?"

"कुंकू," कमळाकरराव म्हणाले.

बाईंनी भिंग पुसलं. त्यांना अशी माणसं रोज भेटत असावीत. "खरा आहे," त्या म्हणाल्या. "आणि फार सुंदर आहे. हा समुद्री अर्चिन. समुद्रातला साळिंदर म्हणा हवं तर. जिवंत असताना अंगभर बारीक काटे असतात. काटे गळून गेले, कवच राहिलं, त्याचा दगड झाला. या पाकळ्यांतल्या भोकांतून तो श्वास घ्यायचा. वाळूत स्वतःला पुरून घेऊन राहायचा. काही कोटी वर्षं तरी झाली असतील."

कमळाकरराव खुर्चीत पुढे सरकले. "खराच आहे का? पुन्हा एकदा बघता का?"

"खराच आहे. अपृष्ठवंशी प्राणी."

"म्हणजे?" कुंदाने विचारलं.

"पाठीचा कणा नसलेला."

कुंदाने नवऱ्याकडे एकदा बघितलं, बाईंचे आभार मानले आणि फोन कानाला लावून ती जिन्यात गेली. तिचा आवाज आत ऐकू येत होता. "निशा, खरा निघाला ग. डॉक्टर आहेत बाई, भिंग लावून सांगितलं. समुद्रातला आहे. हो, आपल्या बदलापुरात समुद्र होता म्हणजे."

"कुठे मिळाला म्हणालात?" बाई विचारत होत्या.

"बारवी रोडला. बदलापूरच्या पुढे."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "मग काहीतरी चुकतंय. आपल्याकडे जमिनीखाली जो काळा दगड आहे ना, तो सगळा ज्वालामुखीचा. लाव्हा थंड होऊन झालेला. त्यात समुद्रातलं कवच यायचं कारण नाही. हा चुनखडीतला दगड आहे. कोणीतरी बाहेरून आणलेला असणार. जागा बघून या एकदा."

इतक्या वर्षांच्या संसारात इतकं गोड वाक्य कमळाकररावांच्या कानावर पडलं नव्हतं. दगड खरा, पण सापडणं खोटं. उकिरड्यात अंगठी मिळाली म्हणून उकिरड्याला कोणी सोन्याची खाण म्हणत नाही. ते जिना उतरले ते तरंगतच.

त्याच क्षणी त्यांनी कुंदाला हे सांगितलं असतं तर हे प्रकरण रिक्षात मिटलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण कुंदाचा फोन पुन्हा वाजला आणि पलीकडून निशा सांगू लागली की यांच्या मार्केटचे अध्यक्ष हरेशभाई सत्कार ठेवतायत. पडदेवाल्यांच्या हॉलमध्ये. शाल, श्रीफळ, फलक, सगळं. कमळाकररावांनी तोंड मिटलं. एवढ्या उंचीवर चढलेला माणूस रिक्षात बसून खाली कशाला ओढायचा? त्याला आणखी थोडं चढू द्यावं. हा विचार चांगला नाही, हे त्यांना कळत होतं. पण तो इतका चवदार होता की त्यांनी तो गिळला नाही, चघळत राहिले.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून ते सुदाम भोईरकडे गेले. बदक अंगावर आलं. त्याला चुकवत ते झऱ्यापाशी पोहोचले आणि पहिल्यांदाच खाली नीट बघितलं. झऱ्याच्या काठाने आणि झोपाळ्यांच्या वाटेवर पिवळट गोल दगड अंथरले होते. आसपासची सगळी जमीन काळी, आणि ही एवढीच पट्टी पिवळी. वाकून थोडं उकरलं तर अर्धं फुटलेलं, तीनच पाकळ्यांचं एक फूल हाताला लागलं.

"हा दगड कुठला, सुदामभाऊ?"

"त्यो?" सुदामने कौतुकाने वाटेकडे बघितलं. "त्यो आपला नाय साहेब. कच्छशी गारी मागवली, दिवालीच्या आदी. झऱ्याला शोभा पायजे ना. का, काय झालं? त्या हेमचंद्र साहेबांना गावला तो ह्यातलाच का काय?"

"अजून नक्की नाही," कमळाकरराव घाईने म्हणाले. "त्यांना यातलं काही बोलू नका. कार्यक्रम आहे त्यांचा. आनंदाचा धक्का द्यायचाय."

सुदामने मान हलवली. सरळ माणूस होता. धक्का आनंदाचा कसा असेल एवढाच प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर राहिला.

तिथून कमळाकरराव थेट डॉ. कारखानीसांकडे गेले. फुटकं फूल दाखवलं, कच्छच्या गाडीची हकीकत सांगितली. बाई खूश झाल्या, म्हणाल्या, कोडं सुटलं. मग कमळाकररावांनी खाकरून त्यांना सत्काराला प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं. "तुम्ही शेवटी बोला. फक्त खरं काय ते सांगा. लोकांचा गैरसमज व्हायला नको." हरेशभाईंना पाहुण्या हव्याच होत्या. त्यांनी कमळाकररावांची पाठ थोपटली. "तांबडेभाई, साडू असावा तर तुमच्यासारखा. स्वतः धावपळ करता त्यांच्यासाठी."

सत्काराचा दिवस एप्रिलमधला, आणि हॉलमधले पंखे फलकाच्या मागे झाकले गेलेले. फलकावर निळ्या लाटा, एक गलबत आणि 'बदलापूरच्या समुद्राचे शोधक' ही अक्षरं. टेबलावर मखमलीत तो गुलाबी दगड. कमळाकरराव पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी दाढी दोनदा केली होती. शेजारी कुंदा कौतुकाने भरलेली, आणि पलीकडे सासूबाई, ज्या खास यासाठी नाशिकहून आल्या होत्या. कमळाकररावांना वाटलं, बरं झालं आल्या. घरातली सगळी माणसं एकदमच ऐकतील.

हरेशभाई मराठीत सुरू झाले आणि भरात आल्यावर हिंदीत शिरले. "आपण इथे इतकी वर्षं कपडा विकला, फर्निचर विकलं, लेकिन जमीन के नीचे समंदर है, ये किसी ने नहीं देखा. देखा तो अपने रेवाळेभाईने." टाळ्या झाल्या. शाल उघडली गेली. हेमचंद्रराव उठले, पण शाल घ्यायच्या ऐवजी माइकपाशी गेले.

"मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "आधीच सांगायला हवं होतं. हा दगड मला सापडलेला नाही. तो सापडला माझे साडू कमळाकरराव तांबडे यांना. त्यांनी तो उचलला, त्यांनी जपून ठेवला. मी फक्त धुतला. पुढे तो घेऊन दारोदार फिरले तेही तेच. ही शाल त्यांच्या खांद्यावर पडली तरच मला झोप लागेल. कमळाकरराव, वर या."

हॉल उभा राहिला. कमळाकरराव बसूनच होते. ज्या वाक्याची त्यांनी महिनाभर वाट बघितली होती ते वाक्य आलं होतं, भर सभेत, सासूबाईंच्या देखत, आणि नेमकं आत्ता. स्टेजवरच्या शेवटच्या खुर्चीवर डॉ. कारखानीस भाषणाचे कागद जुळवत होत्या.

"नको," ते म्हणाले. "तुम्हीच घ्या. खरंच."

"बघा, किती विनय," हरेशभाई म्हणाले आणि त्यांना दंडाला धरून वर घेऊन आले. शाल पडली, नारळ हातात आला. सासूबाई रुमालाने डोळे टिपत होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या कमळाकररावांकडे बघून टिपत होत्या. समोरची दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती. कमळाकररावांना आपल्या साडूबद्दल एकदम इतकी माया दाटून आली आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की नारळ कुठल्या हातात धरावा तेही त्यांना सुचेना. याच माणसासाठी आपण खड्डा खणला. आणि आता त्या खड्ड्यात शाल पांघरून आपणच उभे आहोत. आता काही बोलू नका, असं त्यांनी डोळ्यांनी बाईंना खुणावलं. बाईंनी हसून मान डोलावली आणि त्या उठल्या.

त्या छान बोलल्या, हे वाईट झालं. मुलांना शिकवायची सवय असल्याने त्यांनी एकही गोष्ट संदिग्ध ठेवली नाही. हा प्राणी कुठला, कसा राहायचा, दगड कसा झाला. मग लाव्हा. मग चुनखडी. मग कच्छची गाडी. बदलापुरात या प्राण्याचा समुद्र कधी नव्हता, हा जीवाश्म गेल्या दिवाळीच्या आधी एका मालट्रकातून इथे आला. हॉलमधल्या टाळ्या हातांतच राहिल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे रेतीच झाली की." हरेशभाईंनी फलकावरच्या गलबताकडे बघितलं. त्यासाठी त्यांनी वेगळा चित्रकार लावला होता.

"आणि हे मला कोणी सांगायला लावलं माहीत आहे?" बाई म्हणाल्या. "खुद्द तांबडे साहेबांनी. ते स्वतः त्या जागेवर गेले, त्यांनी दुसरा तुकडा शोधून आणला, आणि मला म्हणाले, लोकांचा गैरसमज व्हायला नको, खरं काय ते सांगा. आपल्याच सत्कारात, आपल्याच शोधाबद्दल. मी इतकी वर्षं या विषयात आहे. असा माणूस मी बघितला नाही."

त्यावर जो कडकडाट झाला तो आधीच्या कशाशी तोलण्यासारखा नव्हता. हरेशभाईंनी माइक ओढून घेतला आणि समुद्र गेला तर गेला, माणूस मिळाला, असं काहीसं हिंदीत सांगितलं. सासूबाई स्टेजवर चढल्या. कमळाकरराव नारळ छातीशी धरून उभे होते. नाही म्हणावं तर खरं सांगावं लागलं असतं, आणि खरं सांगण्याबद्दलच तर टाळ्या चालल्या होत्या.

सगळं आटोपल्यावर दोन्ही घरं सासूबाईंना घेऊन कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवायला बसली. कमळाकररावांनी शाल काढली नव्हती. त्यांचं मन हलकं झालं होतं आणि साडूला काय सांगावं, किती सांगावं, याची ते जुळवाजुळव करत होते. सगळंच कबूल करून टाकावं, असंही एकदा वाटलं. दालफ्राय आली आणि निशा वाढता वाढता बोलून गेली.

"त्या सुदामचा फोन आला ना मंगळवारी, तेव्हाच मी यांना म्हटलं होतं, कार्यक्रमच रद्द करा. दगड कच्छचा असला तर कशाला हवाय सत्कार? तर हे म्हणाले, राहू दे, बघतो मी." आणि मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं, आणि ती भाताचं पातेलं शोधू लागली. ते तिच्या हातातच होतं.

कमळाकररावांचा घास हातात राहिला. मंगळवार. म्हणजे बुडत्या होडीतून उतरताना हेमचंद्ररावांनी अगदी नम्रपणे बाजूला होऊन त्यांना आत बसवलं होतं. त्यांनी साडूकडे बघितलं. हेमचंद्रराव पापड मोडत होते.

"सुदामचा फोन आला होता?" कमळाकररावांनी विचारलं.

"आला होता. आवाज अस्पष्ट येत होता," हेमचंद्रराव म्हणाले. "आणि बाईंना तुम्ही बोलावलंत, ते कधी?"

"सोमवारी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बायका आपापल्या ताटांत बघत होत्या. सासूबाईंना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. त्या फोनवर भावाला सांगत होत्या, थोरल्या जावयासारखा सच्चा माणूस शोधून मिळायचा नाही, आम्हीच ओळखायला उशीर केला. मग त्यांनी आपल्या ताटातला गुलाबजाम उचलून कमळाकररावांच्या वाटीत घातला.

तेव्हा कमळाकररावांना हेमचंद्ररावांचा चेहरा दिसला. हसू जागेवर होतं, पण डोळे त्या गुलाबजामामागोमाग एका ताटातून दुसऱ्या वाटीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. ओठ किंचित आत ओढलेले. हा चेहरा कमळाकररावांनी रोज सकाळी दाढी करताना आरशात पाहिला होता. दुसऱ्या कोणाच्या मानेवर तो बघण्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग. मगाशी कबुली द्यायचं जे मनात आलं होतं ते कुठल्या कुठे गेलं, आणि अंगात एक सुखाची ऊब पसरली, जिचा शालीशी काही संबंध नव्हता.

"बघू शाल," थोड्या वेळाने हेमचंद्रराव म्हणाले. त्यांनी हात लांब करून शालीचा काठ दोन बोटांत धरला, चोळला, दिव्याकडे धरला. "मिक्स आहे. लोकर नाही ही. एका धुण्यात जाईल."

"गरम होत नाही का तुम्हाला?" कुंदाने विचारलं. "काढून ठेवा ना. घामाने निथळताय."

"नाही," कमळाकरराव म्हणाले. त्यांनी काठ साडूच्या बोटांतून हळूच सोडवून घेतला, शाल दोन्ही खांद्यांवर नीट ओढली आणि सगळ्यांसाठी कुल्फी मागवली.